आईची बोटं सकाळी सुजतात, रिपोर्टात सीआरपी २४ आलंय, हे ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे नक्की काय भानगड आहे?

विडीघरकुलवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ५४ वर्षांची. तीस वर्षं झाली विड्या वळते. आधी दिवसाला हजार सहज व्हायच्या, आता सहाशेला टेकते. गेले चार महिने सकाळी उठली की दोन्ही हातांची बोटं फुगलेली, मूठ वळत नाही, दुधाची पिशवी फाडायला मला हाक मारते. साडेनऊ-दहा वाजले की हळूहळू मोकळी होतात. आम्हाला वाटलं कामामुळं असणार, पण गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या वेळी आठवडाभर कामाला हात लावला नव्हता तरी सकाळचं रडगाणं तेच.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ईएसआर ६८, सीआरपी २४. म्हणाले बॉडीत इन्फ्लमेशन आहे, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, त्यामुळं जास्त काही विचारता आलं नाही.

आता खरा गोंधळ सांगतो. माझा मावसभाऊ ४१ वर्षांचा, युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे, त्यानं ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअप केलं. त्याचं एचएस-सीआरपी ४.२ आलं आणि त्यालापण फोनवर सांगितलं की बॉडीत इन्फ्लमेशन आहे. त्याला एक बोट दुखत नाही. तेव्हापासून कुणीतरी त्याला ‘अँटी इन्फ्लमेटरी’ पावडर विकालंय, डबा अठराशेचा. मग दोघांना एकच रोग झालाय का? आणि व्हॉट्सॲपवर तर रोजच येतंय, शुगर, हार्ट, कॅन्सर, सगळ्याचं मूळ इन्फ्लमेशन म्हणून. सगळ्याचं मूळ एकच असेल तर एवढे वेगवेगळे डॉक्टर कशाला लागतात?

अजून एक. शेजारच्या अक्कांनी एका बाबाची पुडी आणून दिलीय, जडीबुटीची आहे म्हणे. आईनं तीन दिवस घेतली आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला उठून भाकरी थापत होती! मी स्वतः बघितलं. आज पुडी चालू करून पंधरा दिवस झाले. एवढा गुण येत असेल तर गोळ्या कशाला हव्यात असं ती म्हणायली. काय करू?

कडकभाकरी

हळद घालून गरम दूध द्या रात्री. आणि मावसभावाला सांगा अठराशे रुपयांत तीन किलो शेंगाचटणी येते वर नळदुर्गला एक ट्रीप होते.

लॅबवाले_काका

बाळा, मी ३१ वर्षं लॅबमध्ये रक्त काढली आणि सेंट्रिफ्यूज फिरवलं, आता रिटायर. डॉक्टर नाही, पण रिपोर्टावरचे आकडे मला ओळखीचे आहेत, तेवढंच बोलतो.

पहिलं, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेव आणि आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते बघ. सीआरपी कुठं मिलिग्रॅम पर लिटरमध्ये देतात, कुठं मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये. दोन्हीत दहा पटींचा फरक. एका बाईचा आधीचा रिपोर्ट २.१ आणि नंतरचा दुसऱ्या लॅबमधला १९, घरचे रडत आले आमच्याकडं की दहा पट वाढलं, आणि वाढलं काहीच नव्हतं, उलट जरा कमी झालं होतं. आईचं २४ हे मिलिग्रॅम पर लिटरच असावं, बघून सांग.

सीआरपी लिव्हरमध्ये बनतं. शरीरात कुठंही मारामारी सुरू झाली की निरोप लिव्हरला जातो आणि सहा-आठ तासांत रक्तातलं सीआरपी चढायला लागतं, दोनेक दिवसांत टोकाला जातं. मारामारी थांबली की तेवढ्याच झपाट्यानं उतरतं, साधारण १९ तासांत निम्मं. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूतल्या ‘सी’ नावाच्या पदार्थाला ते चिकटायचं म्हणून नावात सी.

ईएसआर त्याहून म्हातारी टेस्ट. रक्त उभ्या नळीत ठेवायचं आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते बघायचं, बस्स. सूज असली की फायब्रिनोजेनसारखी प्रोटीन्स वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. पण ही टेस्ट आळशी. चढतेही हळू, उतरतेही हळू. शिवाय वय वाढलं, रक्त कमी असलं, बाई गरोदर असली तरी वाढते. बायकांसाठी आमचा जुना हिशेब वयात दहा मिळवायचे आणि निम्मे करायचे. आईचं ५४ म्हणजे ३२ पर्यंत चाललं असतं, ६८ जास्तच आहे. हिमोग्लोबिन किती आहे ते पण बघ, आपल्याकडं बायकांचं आठ-नऊ असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मावसभावाची टेस्ट म्हणजे तेच सीआरपी, फक्त बारीक मोजणारी. सोनाराचा काटा आणि भुसाराचा काटा. १ च्या खाली हार्टचा धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त असं धरतात. पण ही टेस्ट माणूस ठणठणीत असताना करायची. सर्दी, दाढ सुजलेली, पायाला जखम, काहीही असलं तरी आकडा वर जातो. त्याला विचार त्या आठवड्यात नाक वाहत होतं का. ४.२ वर कुणी डबा विकत असेल तर त्याला म्हण आधी दोन आठवड्यांनी परत टेस्ट करतो.

पुडीबद्दल मला बोलायचंय, पण बीपी वाढेल म्हणून नंतर.

पुडीचा_मुलगा

काकांचं बीपी वाढू नये म्हणून मी बोलतो.

भाऊ, तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्या अण्णांचे गुडघे. सात वर्षांपूर्वी असाच एक बाबा, अशीच पुडी, असाच तिसऱ्या-चौथ्या दिवशी चमत्कार. अण्णा सिद्धेश्वरला प्रदक्षिणा घालून आले, आम्ही बाबाला नारळ आणि शाल दिली. वर्षभर घेतली. तोंड गोल गरगरीत झालं, लोक म्हणायचे अण्णा तब्येत सुधारली. हातपाय मात्र काड्या. मग शुगर निघाली, मग बीपी, मग कातडी एवढी पातळ की खुर्चीला घासलं तरी रक्त. तरी आमच्या डोक्यात आलं नाही!

मग तो बाबा गावाकडं गेला महिनाभर, पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी अण्णा बाथरूममध्ये कोसळले, बीपी लागेना. ॲडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठली पुडी चालू होती का. पुडीत स्टेरॉईड कुटून घातलेलं होतं. बाहेरून रोज स्टेरॉईड मिळत गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि एकदम बंद केलं की आत काहीच उरत नाही. तीनेक आठवड्यांच्या वर गेलं की हा धोका धरतात. तुझे पंधरा दिवस झालेत, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, पण उद्याच जा. पुडी बरोबर घेऊन जा. लपवू नकोस आणि डॉक्टरांना न विचारता आपल्या मनानं बंद पण करू नकोस.

शोथहर

पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे एवढं कृपया लक्षात घ्या, नाहीतर दरवेळी आमच्यावर येतं. मी बीएएमएस आहे. लक्षणं वाचून आमच्याकडे आमवात म्हणतील, त्याची वेगळी चिकित्सा आहे आणि ती तीन दिवसांत कुणाला पळवत नाही. तीन दिवसांत गुण आला हीच धोक्याची खूण समजा. हळदीबद्दल मात्र टिंगल नको, तिच्यातल्या कर्क्युमिनवर भरपूर काम झालंय.

तेजाब_नको_दूध_हवं

@शोथहर, प्रयोगशाळेत झालंय हो, पण पोटातून रक्तात किती जातं ते बोला. फार कमी. म्हणून तर कॅप्सूलवाले त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, आणि तशा जास्त डोसच्या कॅप्सूलनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. भाजीतली हळद खा खुशाल.

रात्रपाळी_एमडी

मी सोलापूरचीच, आता दुसऱ्या शहरात मेडिसिनला आहे, ड्युटी संपवून लिहितेय त्यामुळे जरा लांबेल आणि भरकटेल.

आधी तुमचा मधला प्रश्न, सगळ्याचं मूळ एकच कसं, कारण तो खरंच चांगला आहे. इन्फ्लमेशन हा रोग नाहीये. ते शरीराचं काम आहे. बोटात काटा गेला की काय होतं आठवा, लाल होतं, गरम होतं, सुजतं, ठणकतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या माणसानं हीच चार लक्षणं लिहून ठेवलीत आणि आम्ही अजून तीच पाठ करतो. काट्याजवळच्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून लाल आणि गरम, त्यांच्या भिंती झिरपायला लागतात म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन्समुळे ठणका. मग त्या फटींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून काट्याकडे चालत जातात. हे पेशींचं चालत जाणं १८८२ मध्ये मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं सिसिलीत बघितलं, स्टारफिशच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचून रात्रभर वाट बघत बसला आणि सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल मिळालं त्याला. हे सगळं नसतं तर आपण लहानपणीच गुडघा फुटून मेलो असतो.

महत्त्वाचं म्हणजे हे काम थांबवायची पण यंत्रणा आहे. काटा निघाला, जंतू मेले की दुसरी रसायनं येतात, नवी भरती बंद होते, मोठ्या पेशी येऊन मेलेल्यांचा कचरा खातात, दुरुस्ती सुरू. लग्नघरात मांडव घालणारे वेगळे आणि उतरवणारे वेगळे, तसं. आणि तुमच्या आईचं आणि मावसभावाचं दोघांचंही इन्फ्लमेशन म्हणजे मांडव उतरलेला नाही, पण कारणं संपूर्ण वेगळी.

आईचं जे तुम्ही लिहिलंय, दोन्ही हात, बोटांचे छोटे सांधे, सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर, काम बंद ठेवूनही तसंच, सहा आठवड्यांपेक्षा जास्त, वर ईएसआर-सीआरपी वाढलेलं, हे वाचून कुणाच्याही डोक्यात पहिलं नाव संधिवात, म्हणजे र्‍हुमॅटॉईड आर्थरायटिस येईल. झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं, इथं उलट आहे, हालचालीनं मोकळं होतंय. यात बाहेर काटाच नसतो. शरीराची स्वतःची यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परकं समजून लढत बसते, ते अस्तर जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड खातं. पहिली एक-दोन वर्षं फार मोलाची, तेव्हा औषध चालू झालं तर बोटं वाकडी व्हायची वाचतात. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या रक्ताच्या टेस्ट सांगतील. निगेटिव्ह आल्या तरी आजार नाही असं नसतं, म्हणून फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीनं सांधेतज्ज्ञांना दाखवा. मी ऑनलाईन निदान करत नाहीये, रांगेत लवकर उभं राहा एवढंच म्हणतेय.

मावसभाऊ. सर्दीचं काकांनी सांगितलंच. सर्दी नसेल तर कंबर मोजायला सांगा, बेंबीच्या पातळीला. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेली की धोका धरतात. पोटातली चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन नाही, त्यातून टीएनएफ, आयएल-६ अशी इन्फ्लमेशन पेटवणारी रसायनं दिवसरात्र थोडीथोडी झिरपत असतात. त्यातलं टीएनएफ इन्शुलिनच्या कामात खोडा घालतं, आयएल-६ लिव्हरला सीआरपी बनवायला सांगतं. आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं की तिथंही पांढऱ्या पेशी ते खायला जातात, खाऊन खाऊन फुगतात, तिथंच मरतात, त्याचा गोळा बनतो. तो फुटला की हार्ट अटॅक. म्हणजे व्हॉट्सॲपवाले अर्धं खरं बोलतात. सगळीकडे इन्फ्लमेशन आहे, पण ‘इन्फ्लमेशन कमी करा’ हा उपाय होत नाही, जसं धूर दिसला तर पंखा लावून आग विझत नाही.

याचा पुरावा पण आहे. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला, हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले दहा हजारांवर पेशंट. त्यांना कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त इन्फ्लमेशनचा एक निरोप अडवणारं इंजेक्शन दिलं. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून साधारण १५ टक्के कमी झाले. म्हणजे सिद्ध झालं की सूज नुसती साक्षीदार नव्हती. पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली आणि एकूण मृत्यू कमी झालेच नाहीत. कोविडमध्ये पण हेच दिसलं. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्यानं कमी केले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा झाला नाही, आणि तरी लोकांनी घरी बसून खाल्लं. पुढं काळी बुरशी आपण सगळ्यांनी बघितली.

त्यामुळे पावडर नको. रोज ४० मिनिटं चालणं, झोप, तंबाखू बंद, आणि हो, दात! हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोही वर्षानुवर्षं चालणारा इन्फ्लमेशनचा कारखाना आहे, आणि त्याचा उपचार केला की सीआरपी खाली येतं. घरात कुणी मिश्री लावत असेल तर ती बंद करा.

माग_खाता_नंबर_दोन

डॉक्टर मॅडम सोप्या भाषेत सांगितलं, धन्यवाद. विषय निघालाच आहे तर माझं पण विचारतो. मी आधी सूतगिरणीत होतो, आता टॉवेलच्या मागावर. गिरणीत असताना सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळायची, खोकला, दोन-तीन दिवसांनी जमायचं. जुने लोक म्हणायचे सुट्टी मानवत नाही तुला. ते पण हेच का?

रात्रपाळी_एमडी

@माग_खाता_नंबर_दोन, हो, तेच, फक्त जागा वेगळी. कापसाच्या धुळीत जंतूंच्या आवरणाचे अंश असतात, ते श्वासातून गेले की श्वासनलिकेला जंतूच आल्यासारखं वाटतं आणि ती सुजून आवळते. याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट ही त्याची ओळखच आहे. सुरुवातीला धुळीपासून लांब गेलं की सुधारतं, वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कायमचं खराब होतं. आता दम लागत असेल तर फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री करून घ्या, आणि विडी ओढत असाल तर... कळलं ना.

माग_खाता_नंबर_दोन

कळलं. वळणारीचा पोरगा इथंच आहे, त्याच्यासमोर काय बोलणार 😄

लॅबवाले_काका

आणि ते पाच दिवसांच्या पेनकिलरचं पण. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षभर आणणारे मी बघितलेत, सूज उतरायची आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याचं सांगणारा आकडा, चढायचा. किडनीला डायक्लोफिनॅक ही पेनकिलर काय करते ते गिधाडांना विचारा. मेलेल्या गुरांच्या अंगात उरलेली तीच गोळी खाऊन देशातली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ती बंद केली. माणूस गिधाडापेक्षा चिवट आहे म्हणून लगेच कळत नाही एवढंच.

विडीघरकुलवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी पुडीसकट गेलो. डॉक्टरांनी पुडी बघून नुसती मान हलवली, म्हणाले असल्या रोज बघतो. पंधरा दिवसच झाले होते म्हणून थोडक्यात निभावलं, साधी मोजून-मापून स्टेरॉईडची गोळी देऊन ती हळूहळू कमी करत आणायलेत. अँटी सीसीपी पॉझिटिव्ह आलं, बरंच जास्त. हाताच्या एक्सरेमध्ये हाडं अजून चांगली आहेत. हिमोग्लोबिन ९.१, काका तुम्ही बरोबर होता, आणि सीआरपी मिलिग्रॅम पर लिटरच होतं.

मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी चालू केलीय. लगेच गुण येणार नाही, दीड ते तीन महिने धीर धरा म्हणाले. अक्कांना हे पटलं नाही, तीन दिवसांची पुडी सोडून तीन महिन्यांची गोळी कोण घेतं म्हणे.

लॅबवाले_काका

ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे तुला माहीत असेल, आईला माहीत आहे का, आणि तू घरी नसताना गोळी देणाऱ्याला माहीत आहे का ते बघ. चुकून रोज घेतली तर बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, बसतो, माणसं गेलीत त्यात. मधून मधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लिव्हरची टेस्ट चुकवायची नाही.

विडीघरकुलवाला

हो काका, डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं, फाईलवर लाल पेननं लिहून दिलं. वार ठरवा म्हणाले तर आई पटकन म्हणाली सोमवार, सिद्धेश्वराचा. मग आठवलं सोमवारी तिचा उपास, आणि उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. म्हणून मंगळवार केलाय. फॉलिक ॲसिड शुक्रवारी. मेथोट्रेक्सेटचं पाकीट माझ्या कपाटात कुलपात, मंगळवारी रात्री भाकरी खाल्ली की मी मोजून हातात देतो.

मावसभावाचं विचारत असाल तर टेस्टच्या आठवड्यात त्याला खरंच सर्दी होती. परत केली, २.६ आलं. कंबर १०४. आकडा कमी आला म्हणून खूश होऊन चालायला जायचं रद्द केलंय, आणि पावडरचा उघडलेला अर्धा डबा मला सहाशेला देतो म्हणायलाय.